नोटा आधी रद्द, माल नंतर: १९४५ मध्ये ब्रह्मदेशात परतलेलं ब्रिटिश सरकार

प्रबंधासाठी तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश ब्रह्मदेशात परतले तेव्हा देश उद्ध्वस्त झालेला होता. सरकारकडे योजना होत्या, अनुभवी अधिकारी होते, थोडाफार पैसाही होता. तरीही लोकांचे हाल हटले नाहीत आणि पावणेतीन वर्षांत सत्ता गेली. सरकार नेमकं कुठे कमी पडलं, की हे काम कोणालाच जमलं नसतं? आणि यात तिथल्या भारतीयांचं काय झालं?

माझी नोकरीची बहुतेक वर्षं जिल्हा पुरवठा आणि टंचाई-निवारणाच्या कामात गेली. ब्रह्मदेशाच्या पुनर्वसनाचा अभ्यास मी सुरू केला तोही त्याच नजरेने: कोणत्या दिवशी गावात काय पोहोचलं आणि लोकांच्या हातात ते विकत घ्यायला काय होतं. त्या नजरेने पाहिलं तर माझं उत्तर असं, की यातला मोठा भाग कोणालाच लवकर जमला नसता. पूल, जहाजं, बैल हे काही सहा महिन्यांत उभं राहत नाही. पण जे हातात होतं, म्हणजे पैशाचा निर्णय, धानाचा भाव आणि कोणाला विचारून कारभार करायचा, त्या तिन्ही बाबतींत सरकारने उलटा क्रम लावला. लोकांच्या हातचा पैसा पहिल्याच फटक्यात रद्द केला, माल नंतर आणायला घेतला, आणि ज्यांचं गावागावात ऐकलं जात होतं त्यांना सर्वांत शेवटी बोलावलं. हा क्रम उलटा नसता तर हाल थांबले नसते, पण लोकांनी सरकारला वेळ दिला असता.

आधी हाल कसले होते ते नीट समजून घ्यायला हवं. ‘युद्धानंतरचे हाल’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे उपासमार येते. ब्रह्मदेशात चित्र वेगळं होतं. हा देश दोनदा तुडवला गेला. १९४२ मध्ये जपान्यांपुढे माघार घेताना ब्रिटिशांनी स्वतःच सीरियमचा तेलशुद्धीकरण कारखाना आणि येनांगयाउंगच्या तेलविहिरी उद्ध्वस्त केल्या, सगाईंजवळचा इरावतीवरचा मोठा पूल उडवला, आणि इरावती फ्लोटिला कंपनीची बहुतेक जहाजं कंपनीच्याच माणसांनी नदीत बुडवली. पुढची तीन वर्षं दोस्तांची विमानं रेल्वे आणि पुलांवर बाँब टाकत राहिली. मग १९४४-४५ मध्ये इंफाळपासून रंगूनपर्यंत लढाई पुन्हा त्याच देशातून उलट दिशेने सरकली. मेईक्तिला आणि मंडालेसारखी शहरं त्यात जळाली. मंडालेचा किल्ला २० मार्च १९४५ ला पडला, आणि मेच्या पहिल्या आठवड्यात रंगून हाती आलं तेव्हा जपानी आधीच निघून गेले होते. शहरात पाणी नव्हतं, दिवे नव्हते, गटारं तुंबलेली होती.

आता तांदूळ. युद्धापूर्वी ब्रह्मदेश वर्षाला सुमारे ३० लाख टन तांदूळ बाहेर पाठवायचा. त्यातला निम्म्याहून अधिक भारतात यायचा. १९४२ मध्ये तो थांबला आणि १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाच्या अनेक कारणांमध्ये हेही एक कारण ठरलं. ही बाजू आपल्याला माहीत असते. दुसरी बाजू इरावतीच्या त्रिभुज प्रदेशातल्या शेतकऱ्याची. त्याच्या धानाला गिऱ्हाईकच उरलं नाही. जपान्यांकडे ते बाहेर नेण्याइतकी जहाजं नव्हती. भाव कोसळला, त्याने पेरा कमी केला, आणि युद्ध संपेपर्यंत धानाखालचं क्षेत्र जवळपास निम्म्यावर आलं. बैल लष्करांनी खाल्ले, उरलेले बुळकांडीने नेले. माणसं सयाम-ब्रह्मदेश रेल्वेच्या कामावर धरून नेली गेली आणि त्यातली कितीतरी परत आली नाहीत. कापड बाहेरून यायचं तेही बंद झालं, त्यामुळे लोक गोणपाट नेसू लागले.

म्हणजे दक्षिणेत, मुखाजवळच्या जिल्ह्यांत, घरात भात होता आणि अंगावर कापड नव्हतं. उत्तरेच्या कोरडवाहू पट्ट्यात नेमकं उलट, कारण तो पट्टा पूर्वीपासून दक्षिणेच्या तांदळावर जगायचा आणि तो तांदूळ इरावतीतून बोटीने वर जायचा. बोटी नदीच्या तळाशी. एकाच देशात एकीकडे सडणारा साठा आणि दुसरीकडे रिकामी हंडी, हे पुरवठ्याच्या कामातल्या कोणत्याही माणसाला लगेच ओळखू येईल. अशा वेळी धान्य किती आहे यापेक्षा वाहन कुठे आहे आणि लोकांच्या हातात खरेदीची ताकद किती आहे, हे दोन प्रश्न आधी विचारावे लागतात.

आणि इथे नोटांचा विषय येतो. यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण माझ्या मते पुढचं बरंचसं याच्यातून निघालं.

जपान्यांनी ब्रह्मदेशासाठी वेगळ्या रुपयाच्या नोटा छापल्या होत्या. त्यांवर ‘जपान सरकार’ असं इंग्रजीत लिहिलेलं असे आणि नोटेच्या क्रमांकाच्या जागी ‘बी’ हे अक्षर, म्हणजे बर्मा. मलायासाठी ‘एम’. अनुक्रमांक बहुतेकींवर नव्हतेच, कारण किती छापल्या याचा हिशोब ठेवायचाच नव्हता. तीन वर्षं सगळा देश याच नोटांवर चालला. धान विकलं तर याच नोटा, मजुरी मिळाली तर याच नोटा, सावकाराचं देणं फेडलं तर याच नोटा. शेवटी शेवटी त्यांची किंमत फार घसरली होती, हे खरं आहे. पण घसरलेली किंमत आणि शून्य किंमत यांत गरिबाच्या घरी फार मोठं अंतर असतं.

परतलेल्या लष्करी प्रशासनाने या नोटा सरसकट नाकारल्या. बदलून देणं नाही, टप्पा नाही, घरटी काही मर्यादा नाही. त्यांच्या जागी भारतीय रिझर्व्ह बँकेच्या नोटा आल्या. त्या काळी भारताच्या नोटा नाशिकच्या सरकारी छापखान्यात छापल्या जात, त्याच धाटणीच्या, सहाव्या जॉर्जचं चित्र असलेल्या नोटा. फक्त त्यांवर लाल शाईत जादा मजकूर छापलेला होता: ब्रह्मदेशाचं लष्करी प्रशासन, आणि ही नोट फक्त ब्रह्मदेशातच चालेल. मोडीच्या बाजारात किंवा नोटा जमवणाऱ्यांकडे ती आजही बघायला मिळते.

आता त्रिभुज प्रदेशातला एक शेतकरी डोळ्यांपुढे आणा. पेटीत तीन हंगामांच्या विक्रीच्या जपानी नोटा आहेत. त्या आजपासून कागद. बैलजोडीतला एक बैल गेला आहे. पेरणी तोंडावर आली आहे, कारण रंगून मे महिन्यात पडलं आणि लगेच पाऊस सुरू होतो. नव्या नोटा मिळवायच्या तर लष्कराच्या कामावर जायचं, रस्ता नाहीतर धावपट्टीवर माती टाकायची, किंवा लष्कराला काहीतरी विकायचं. जे गाव छावणीजवळ आहे त्याला नवा पैसा दिसतो. जे खाडीच्या आत दोन दिवसांच्या वाटेवर आहे त्याला दिसत नाही. सावकार आणि मोठा व्यापारी यांनी आपली मालमत्ता आधीच सोनं, धान, कापड अशा वस्तूंत वळवून ठेवलेली. नोटा अंगाशी आल्या त्या शेतकरी, मजूर, छोटा दुकानदार आणि पगारावरचा कारकून यांच्या.

सरकारची बाजूही ऐकून घेऊ. शत्रूने छापलेला कागद आपण मान्य करायचा म्हणजे शत्रूचं कर्ज आपण फेडायचं. शिवाय अमाप नोटा बाजारात असताना त्या बदलून दिल्या तर महागाई आणखी भडकणार. हा युक्तिवाद मला चुकीचा वाटत नाही. पूर्ण दराने बदलून देणं अशक्यच होतं. पण मधला मार्ग होता आणि तो त्या काळात माहीतही होता. शेजारच्या डच इंडीजमध्ये परतलेल्या डच सरकारने मार्च १९४६ मध्ये १०० जपानी गिल्डरला ३ नवे गिल्डर दिले. दर जवळजवळ नावापुरता, तरी लोकांच्या हातात काहीतरी पडलं. युरोपात बेल्जियमने ऑक्टोबर १९४४ मध्ये माणशी २,००० फ्रँकपर्यंत जुन्या नोटा लगेच बदलून दिल्या आणि बाकीच्या गोठवल्या. तिथल्या जुन्या नोटा राष्ट्रीय बँकेच्या होत्या, त्यामुळे तुलना पूर्ण जुळत नाही. पण माणशी मर्यादा घालून गरिबाला आधी वाचवायचं ही पद्धत वापरता येण्यासारखी होती. हाँगकाँगमध्ये तर जपान्यांनी हाँगकाँग-शांघाय बँकेकडून जबरदस्तीने काढून घेतलेल्या नोटा १९४६ मध्ये बँकेने मान्य केल्या. त्या नोटांचा फायदा बऱ्याच अंशी सट्टेवाल्यांना झाला, पण व्यापार चालू झाला. ब्रह्मदेशात घरटी थोडी रक्कम, कमी दराने का होईना, बदलून दिली असती तर त्या पावसाळ्यात हजारो घरांना बियाणं आणि मजुरीपुरतं भांडवल मिळालं असतं. एक समजून घ्या: तो खर्च पुढे सरकारने तगाईच्या रूपाने करावाच लागला, फक्त उशिरा आणि कर्ज म्हणून.

मलायातही जपानी नोटा, ज्यांना लोक केळीच्या चित्रामुळे ‘केळीचे पैसे’ म्हणत, अशाच एका रात्रीत गेल्या. तिथल्या लष्करी प्रशासनाच्या इंग्रजी आद्याक्षरांचा, म्हणजे ‘बीएमए’चा, लोकांनी ‘काळाबाजार प्रशासन’ असा अर्थ लावला होता. पण सिंगापूरच्या सरकारने मुलकी कारभार सुरू झाल्यावर एक काम चांगलं केलं, त्याचा उल्लेख करायला हवा. जून १९४६ मध्ये नवं समाजकल्याण खातं निघालं आणि त्याच महिन्याच्या अखेरीस त्याने पहिलं ‘लोकांचं उपाहारगृह’ उघडलं, ३५ सेंटमध्ये पूर्ण जेवण. पुढे ८ सेंटची साधी थाळीही निघाली, आणि लहान मुलांसाठी मोफत जेवणाची केंद्रं. हेतू दुहेरी होता: गरिबाचं पोट भरायचं आणि खासगी खाणावळींना भाव खाली आणायला भाग पाडायचं. पुरवठ्याच्या कामात अशा दोन बाजूंनी चालणाऱ्या योजनेला फार किंमत असते. मात्र सिंगापूर म्हणजे एक शहर आणि एक बंदर. इरावतीच्या खाड्यांत विखुरलेल्या गावांना थाळीचा उपयोग नव्हता. त्यांना बैल, होडी आणि लुंगीचं कापड हवं होतं.

ते कापड आणायचं कुठून? युद्धापूर्वी ब्रह्मदेशात भारतातल्या गिरण्यांचं कापड मोठ्या प्रमाणावर खपायचं. पण १९४३ पासून भारतातच कापड नियंत्रणाखाली होतं आणि मुंबईत माणसं शिधापत्रिकेवर कापड घेत होती. विलायतेतून यायचं तर जहाजं लष्कराकडे. खुद्द ब्रिटनची अवस्था अशी, की युद्धात न झालेलं पावाचं रेशनिंग जुलै १९४६ मध्ये सुरू झालं. लंडनच्या अर्थखात्याला ब्रह्मदेशावर पैसा घालायची इच्छा आणि ऐपत दोन्ही कमी होत्या. हा भाग मी म्हणतो त्या ‘कोणालाच जमला नसता’ या खात्यातला.

पण योजना कोणी आणि कशा केल्या ते बघितलं की चित्र बदलतं. गव्हर्नर सर रेजिनाल्ड डॉर्मन-स्मिथ मे १९४२ मध्ये मिचीना इथून विमानाने भारतात आले आणि त्यांचं सरकार ऑक्टोबर १९४५ पर्यंत सिमल्यात बसलं. तिथे पुनर्रचनेचं खातं होतं आणि त्याने कष्टाने आराखडे बनवले. शेती, इमारती लाकूड, नागरी पुरवठा, नदीवाहतूक अशा कामांसाठी ‘प्रकल्प मंडळं’ काढायची. भांडवल आणि तोटा सरकारचा, आणि काम चालवणार युद्धापूर्वीच्या कंपन्या, सरकारच्या वतीने. व्यवस्थापकीय अंगाने हा विचार वेडगळ नव्हता. तांदळाच्या गिरण्या, हत्ती, करवती, बोटी चालवण्याचं ज्ञान असलेली माणसं त्याच कंपन्यांकडे होती. खासगी कंपनी उद्ध्वस्त देशात स्वतःचे पैसे घालणार नाही, हेही खरं.

मात्र त्या कंपन्यांची नावं बघा. तांदळात स्टील ब्रदर्स, नदीवर इरावती फ्लोटिला, सागवानात बाँबे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन. ही शेवटची कंपनी आपल्या मुंबईची. १८८५ मध्ये हिच्या लाकडाच्या दंडावरून झालेल्या वादाचं निमित्त करून ब्रिटिशांनी मंडाले घेतलं आणि थिबा राजाला रत्नागिरीला आणून ठेवलं. तो तिथेच १९१६ मध्ये वारला. आपल्याकडे थिबा पॅलेस हे बघायचं ठिकाण आहे, ब्रह्मी माणसाला ती आपलं राज्य गेल्याची आठवण आहे. साठ वर्षांनी सरकार परत येतं, लोकांच्या नोटा रद्द करतं, आणि सरकारी पैशाने पहिल्यांदा उभं करतं ते कोणाला, तर याच कंपन्यांना. यात मदत किती आणि पुनःस्थापना किती हे लोकांना कोणी समजावून सांगावं लागलं नाही.

सिमल्यातल्या माणसांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. त्यांना देश पुन्हा चालू करायचा होता. पण देश म्हणजे त्यांच्या मनात १९४१ चा ब्रह्मदेश होता: गिरण्या, बंदर, निर्यात, महसूल. तो पूर्वपदावर आला की शेतकऱ्याचंही आपोआप बरं होईल, असं त्यांनी धरलं. १९४१ चा ब्रह्मदेश शेतकऱ्याला सुखाचा नव्हताच. मंदीत भाव कोसळल्यावर दक्षिणेतल्या मुख्य १३ धान जिल्ह्यांत तमिळ मुलखातून आलेल्या चेट्टियार सावकारांकडची जमीन १९३० मधल्या ६ टक्क्यांवरून १९३८ पर्यंत २५ टक्क्यांवर गेली होती. कुळाला युद्धाच्या धामधुमीत निदान खंड मागायला कोणी आलं नव्हतं. पूर्वपदावर येणं म्हणजे त्याच्यासाठी सावकार परत येणं.

धानाच्या भावातही हेच झालं. १९४५-४६ मध्ये सगळ्या आशियाला तांदूळ हवा होता. भारतात टंचाई, मलाया, सिलोन, हाँगकाँग रेशनवर. सयामवर तर १ जानेवारी १९४६ च्या करारात १५ लाख टन तांदूळ फुकट द्यायची अट घातली गेली, आणि साहजिकच तो तांदूळ ठरल्याप्रमाणे आलाच नाही. शेतकऱ्याने लपवला, चोरून विकला. ब्रह्मदेशात फुकट घेतला नाही, पण निर्यातीची खरेदी एकट्या सरकारी मंडळाकडे ठेवली आणि भाव जगाच्या बाजारापेक्षा बराच खाली बांधला. दुसऱ्या वसाहतींतल्या भुकेल्या माणसांना स्वस्त तांदूळ मिळावा, हा उद्देश चांगला होता. त्याची किंमत मात्र कापड चौपट दराने घेणाऱ्या ब्रह्मी शेतकऱ्याच्या पदरात पडली. धानाचा भाव बांधायचा तर त्या शेतकऱ्याला लागणाऱ्या वस्तूही बांधलेल्या भावात गावापर्यंत पोहोचवाव्या लागतात. एकच टोक बांधून दुसरं मोकळं सोडलं की माल काळ्या बाजारात जातो. हे मी माझ्या कामात वारंवार पाहिलं आहे आणि त्याला अपवाद मला भेटलेला नाही.

आता तिसरी गोष्ट, कोणाला विचारून कारभार करायचा. १७ मे १९४५ ला, रंगून घेऊन दोन आठवडे झाले असताना, लंडनने श्वेतपत्रिका काढली: सुमारे तीन वर्षं गव्हर्नरची थेट सत्ता, मग निवडणुका, मग पुढे स्वराज्य. म्हणजे १९३७ पासून मंत्रिमंडळ अनुभवलेल्या देशाला आधी मागे नेणार. दुसरीकडे गावोगाव ब्रह्मी स्वातंत्र्यलढ्याचे पुढारी आंग सान यांच्या फॅसिस्टविरोधी जनता स्वातंत्र्य संघाच्या समित्या होत्या. त्यांच्या सैन्याने २७ मार्च १९४५ ला जपान्यांवर उलटून हल्ला केला होता. लष्करी प्रशासन चालवणाऱ्या माउंटबॅटन आणि मेजर जनरल ह्यूबर्ट रान्स यांना हे बळ दिसत होतं आणि ते या लोकांशी बोलत होते. १६ ऑक्टोबर १९४५ ला डॉर्मन-स्मिथ परत आले, मुलकी कारभार सुरू झाला, आणि कार्यकारी मंडळातल्या जागांवर घासाघीस फिसकटल्यावर त्यांनी संघाला वगळून जुन्या पुढाऱ्यांचं मंडळ बनवलं.

मदतकार्याच्या दृष्टीने याचा परिणाम काय झाला ते राजकीय इतिहासात फारसं सांगितलं जात नाही. तगाई कोणाला द्यायची, कोणाचे बैल खरंच मेले, कोणत्या गावात बियाणं नाही, कापडाचा तागा आला तर तो पाटलाच्या घरात न अडकता कसा वाटायचा, याची माहिती सरकारी यादीत नसते. ती गावातल्या विश्वासाच्या माणसांकडे असते. ब्रह्मदेशात ती माणसं संघाकडे होती आणि सरकारने त्यांना दाराबाहेर ठेवलं. मग तालुक्याच्या अधिकाऱ्याकडे उरले जुने गावमुखिये. त्यातल्या अनेकांनी जपान्यांच्या काळात मजूर धरून दिले होते, आणि गावात त्यांना कोणी जुमानत नव्हतं. त्यात हत्यारं सर्वत्र विखुरलेली, दरोडे वाढलेले. मे १९४६ मध्ये तांताबिन इथे निदर्शकांवर पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली, आणि त्यांच्या अंत्ययात्रेला लोटलेल्या गर्दीने सरकारला आपली जागा दाखवली. डॉर्मन-स्मिथ आजारी होते. जूनमध्ये ते लंडनला परत गेले आणि पुन्हा आले नाहीत.

शेवटचा धक्का बाहेरून आलाच नाही. ऑगस्टअखेर रान्स गव्हर्नर म्हणून आले आणि सप्टेंबर १९४६ च्या सुरुवातीला रंगूनच्या पोलिसांनी संप केला. महागाईत पगार पुरत नव्हता, एवढं साधं कारण. मग सरकारी कारकून आले, रेल्वे आली. ज्या यंत्रणेने लोकांचे हाल निवारायचे तीच हालांत होती. रान्स यांनी महिना संपायच्या आत आंग सान आणि सहकाऱ्यांना कार्यकारी मंडळात घेतलं आणि संप मिटला. एका वर्षापूर्वी हेच करता आलं असतं. जानेवारी १९४७ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान ॲटली आणि आंग सान यांच्यात स्वातंत्र्याबद्दलचा करार झाला, १९ जुलैला आंग सान आणि त्यांचे मंत्री बैठकीत गोळ्या घालून मारले गेले, आणि ४ जानेवारी १९४८ ला देश स्वतंत्र झाला.

या शेवटच्या सव्वा वर्षात शेतकऱ्याच्या हालांवर खऱ्या अर्थाने बोट ठेवणारी पावलं पडली हे मला महत्त्वाचं वाटतं. खंड जमीन महसुलाच्या दुपटीपेक्षा जास्त घेता येणार नाही असा कायदा १९४७ मध्ये झाला. शेतकऱ्यांच्या कर्जाबद्दल कायदा झाला. युद्धकाळात साचलेल्या व्याजाचा प्रश्न हाताळला गेला. लंडनहून बघता ही राजकीय पावलं वाटत असतील, पण कुळाच्या दृष्टीने रंगूनच्या बंदरात उतरलेल्या कित्येक खेपांपेक्षा हीच खरी मदत होती. आंग सान यांच्या जागी आलेले ऊ नू आणि ॲटली यांच्या ऑक्टोबर १९४७ च्या करारात ब्रिटनने ब्रह्मदेशाकडून येणं असलेल्या रकमेपैकी १.५ कोटी पौंड सोडून दिले, हेही नोंदवायला हवं.

तुम्ही भारतीयांबद्दलही विचारलं आहे. १९३१ च्या जनगणनेत ब्रह्मदेशात दहा लाखांवर भारतीय होते आणि रंगूनच्या लोकसंख्येत ते निम्म्याहून अधिक. १९४२ मध्ये त्यातले लाखो चालत भारताकडे निघाले आणि वाटेत हजारोंनी मेले. युद्धानंतर बंदर, गिरण्या आणि शहरसफाई चालू करायला मजूर हवे होते, आणि ती कामं पूर्वी भारतीयच करत. त्यांना भरभर परत आणलं तर तांदूळ लवकर हलेल, पण ब्रह्मी मजुराला वाटणार की मजुरी पुन्हा पडली आणि सावकारही मागोमाग येतोय. सरकारने परवाने लावून हळूहळू येऊ दिलं. १९४७ मध्ये परदेशी प्रवेशावर निर्बंध घालणारा कायदा आला. यात सर्वांत वाईट अवस्था झाली ती चेट्टियारांची नव्हे, त्यांच्याकडे कागद आणि वकील तरी होते. झाली ती तेलुगू, ओडिया, तमिळ हमाल आणि सफाई कामगारांची. त्यांची रंगूनमधली खोपटी गेली होती, भारतात जमीन नव्हती, आणि नुकसानभरपाईच्या अर्जात लिहिण्यासारखी मालमत्ताच नव्हती. त्या काळच्या कोणत्याही मदत योजनेत मला त्यांच्यासाठी वेगळा विचार दिसलेला नाही.

धानखरेदीचा तो एकाधिकार मात्र गेला नाही. आधीच्या मंडळाची जागा राज्य कृषी पणन मंडळाने घेतली आणि स्वतंत्र सरकारने ती पद्धत तशीच पुढे चालवली. वर्षानुवर्षं शेतकऱ्याला १०० टोपल्यांमागे २८५ रुपये मिळत राहिले. एक टोपली म्हणजे ४६ पौंड धान, म्हणजे १०० टोपल्या साधारण २१ क्विंटल, आणि क्विंटलला पावणेचौदा रुपयांच्या आत-बाहेर. कोरियन युद्धाच्या काळात जगात तांदूळ महागला तेव्हाही मधला फरक सरकारच्या तिजोरीत गेला. त्यातून कल्याणकारी योजना चालवायच्या होत्या, म्हणून ऊ नू यांच्या सरकारला तो सोडवेना. तुम्ही प्रबंधासाठी एकच धागा निवडणार असाल तर हा निवडा: टंचाईपुरती म्हणून आलेली एकाधिकार खरेदी, आणि तिच्या भावाच्या नोंदी १९४६ पासून पुढे. जुन्या सरकारी अहवालांत दरवर्षीचे खरेदीभाव आणि निर्यातभाव दोन्ही सापडतात. ते शेजारीशेजारी मांडले की बाकीचं तुम्हाला दिसेल.